ख्रिस्तवासी फोर्तुनातो फ्रांको

आमच्या शाहूपुरीस फुटबॉलची ओळख करून देणें नको. खंडोबा, पाटाकडील अशा तालमींनींच या शहरांत फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून या स्मरणिकेंत एका ख्रिस्ती फुटबॉलपटूचें चरित्र देणें आम्हांस उचित वाटतें.

फ्रांको हे गोव्यांतील कोलवाळचे, वाढले मुंबईंत. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकसाठीं त्यांची निवड झाली, परंतु मैदानांत उतरण्याचा योग आला नाहीं. त्यांनीं धीर सोडिला नाहीं. गोवा मुक्त होऊन वर्षही लोटलें नव्हतें, तोंच ४ सप्टेंबर १९६२ रोजीं जाकार्ता येथें, भारताची हुर्यो उडविणाऱ्या प्रेक्षकांसमोर, आपल्या संघानें दक्षिण कोरियास २-१ असें हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकिलें. त्या संघाच्या मधल्या फळींत फ्रांको होते.

पुढें थोड्याच वर्षांत गुडघ्याच्या दुखापतीनें त्यांचा खेळ संपला. मग त्यांनीं गोव्यांत साळगावकरांच्या उद्योगांत नोकरी केली. १० मे २०२१ रोजीं ते निवर्तले.

पदकाचा सामना नव्वद मिनिटांचा. त्यापुढील आयुष्य अर्धशतकाहून अधिक, आणि तें टाळ्यांवांचून काढावयाचें. आमच्या तरुणांनीं मैदान गाजवावें, परंतु पोटापाण्याची विद्याही हातीं ठेवावी, इतकीच आमची विनंती.