बालकांचा ताप : प्राथमिक तपासणी
ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणून तापमापकावरील आकड्यापेक्षा मूल कसे दिसते हे आधी पाहावे. अंगावर पिणे किंवा पाणी घेणे बंद होणे, सगळे उलटून पडणे, आकडी, गुंगी यांपैकी एकही लक्षण असल्यास मूल तातडीने रुग्णालयात पाठवावे. दोन महिन्यांखालील बाळाला तर नुसता तापही त्यासाठी पुरेसा आहे. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा : दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक असल्यास न्यूमोनियाचा संशय घ्यावा. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे अनेकांना वाटते. पण गंभीर संसर्गातही ताप उतरतो, त्यामुळे हा निकष फसवा आहे. बहुतेक ताप विषाणूजन्य, मग इतकी चौकशी कशाला, हा आक्षेपही सिंधुदुर्गातल्या फोंडाघाटसारख्या घाटपायथ्याच्या गावात टिकत नाही. या जिल्ह्यात पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांचा विचार करावाच लागतो. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापही आढळला. म्हणून शेतातले पाणी, रान, गोचीड यांच्याशी आलेल्या संपर्काची विचारपूस हा तपासणीचाच भाग आहे. फोंडाघाटहून पुढे पाठवायचे झाल्यास तालुक्याचे ठिकाण कणकवली आहे.