लाल वाइन संच

घरच्या घरी लाल वाइन तयार करण्यासाठी लागणारा द्राक्षरस व अन्य घटक एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या संचास लाल वाइन संच म्हणतात. कॅनडा, अमेरिका व ब्रिटन या देशांत असे संच विशेष प्रचलित आहेत. द्राक्षांच्या हंगामाची वाट पाहणे, द्राक्षे चिरडणे आणि पिळणे ही कामे संचामुळे टळतात. प्रचलित आकाराच्या संचातून सुमारे २३ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या जवळपास ३० बाटल्या वाइन मिळते. संचांच्या किमतींत मोठी तफावत असते; मात्र सर्वांत महाग संच प्रत्येकासाठी योग्य ठरतोच असे नाही. वाइन किती महिन्यांनी प्यायची आहे, हा निवडीतील मुख्य प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. व्होल्स्टेड कायद्याच्या २९व्या कलमात घरी फळांचे रस तयार करण्यास मुभा असल्याने आटवलेल्या द्राक्षरसाला मोठी मागणी आली. कॅलिफोर्नियातील द्राक्षरसापासून बनवलेले ‘व्हाइन-ग्लो’ हे उत्पादन त्याच काळातील होय. आजच्या संचांचा आधारही रस आटवण्याचे तंत्र हाच आहे.

घटक

संचातील मुख्य घटक द्राक्षरस असून तो आटवलेला, न आटवलेला किंवा दोहोंचे मिश्रण असतो. निर्वात अवस्थेत पाणी कमी तापमानाला उडून जात असल्याने रस आटवताना तो करपत नाही. तरीही त्यातील काही सुगंधी द्रव्ये निघून जातात. याखेरीज संचात किण्वनासाठी यीस्ट, गाळ खाली बसण्यासाठी बेंटोनाइट ही माती, वाइन टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, यीस्टची पुन्हा वाढ रोखणारे पोटॅशियम सॉर्बेट आणि वाइन नितळ करणारी द्रव्ये असतात. बहुतेक लाल संचांत ओक लाकडाचा भुसा, चकत्या किंवा तुकडेही असतात.

निवडीचे निकष

रसाचे प्रमाण : सर्वसाधारण संचांत सुमारे ८ ते १८ लिटर रस असतो व उरलेले माप पाण्याने भरले जाते. रस जितका जास्त, तितके बाहेरचे पाणी कमी लागते आणि सामान्यतः वाइनला अधिक भरीवपणा येतो. तथापि केवळ लिटरांवरून तुलना करणे पुरेसे नाही. रस किती आटवलेला आहे हेही पाहावे लागते.

द्राक्षांच्या साली : बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो, लाल रंग आणि तुरटपणा देणारे टॅनिन मुख्यतः सालींत असते. म्हणून वरच्या दर्जाच्या संचांत सालींची वेगळी पिशवी दिलेली असते. किण्वनात या साली फेसाबरोबर वर येतात व रोज ढवळून खाली दाबाव्या लागतात. त्यासाठी २३ लिटरपेक्षा बरेच मोठे, सुमारे ३० लिटरचे रुंद तोंडाचे भांडे आवश्यक असते.

मुरण्याचा काळ : वेष्टनावर छापलेले चार, सहा किंवा आठ आठवडे हे वाइन बाटलीत भरेपर्यंतचे असतात, ती पिण्यास योग्य होण्याची ती मुदत नव्हे. कमी रसाची हलकी वाइन दोन-तीन महिन्यांत पिता येते व फार काळ ठेवल्याने तिच्यात विशेष सुधारणा होत नाही. सालींसह केलेली वाइन आरंभी कडक व तुरट लागते आणि तिला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ द्यावा लागतो. थांबण्याची तयारी नसल्यास महाग संचावरील खर्च वाया जातो.

द्राक्षाचा वाण : पिनो न्वारची वाइन फिकट व नाजूक असते, मर्लो तुलनेने मऊ, तर काबेर्ने सोव्हिन्यों गडद आणि तुरट असते. कमी रसाच्या संचांत मऊ वाणांची वाइन लवकर पिण्याजोगी होते.

वेष्टनावरील तारीख : रस जुना झाल्यास तपकिरी पडतो व यीस्टही दुर्बळ होते. त्यामुळे थंड जागी ठेवलेला, अलीकडच्या तारखेचा संच निवडणे इष्ट असते.

आहारविषयक बाबी : नितळपणासाठी वापरले जाणारे आयसिंग्लास माशांच्या वाताशयापासून बनते, तर कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. शाकाहारी व्यक्तींनी आणि कवचधारी जलचरांची अॅलर्जी असणाऱ्यांनी घटकांची यादी आधी तपासावी. वाइन वेळ देऊन आपोआप निवळू दिल्यास ही द्रव्ये टाळता येतात.

मद्यार्काचे प्रमाण व मर्यादा

किण्वनापूर्वी व नंतर हायड्रोमीटरने घेतलेल्या विशिष्ट घनतेच्या फरकाला १३१ ने गुणल्यास मद्यार्काचे टक्के अंदाजे मिळतात. उदाहरणार्थ, घनता १.०९० वरून ०.९९५ वर आल्यास वाइनमध्ये सुमारे १२.४ टक्के मद्यार्क असतो. कारखान्यातील बऱ्याच लाल वाइनमध्ये जीवाणूंच्या साहाय्याने मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. सॉर्बेट घातलेल्या वाइनमध्ये ही क्रिया झाल्यास चुरडलेल्या जिरेनियमच्या पानांसारखा दुर्गंध येतो व तो काढता येत नाही. म्हणून संचाच्या वाइनवर हा प्रयोग सहसा करत नाहीत.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार घरगुती वापरासाठी एका प्रौढ व्यक्तीच्या कुटुंबास वर्षाला १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन वाइन करविना तयार करता येते. तिची विक्री करता येत नाही. भारतात मद्यनिर्मिती हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई आहे.