कमवा आणि शिका : जुन्या वाटेवरचा आजचा प्रश्न

आरती आटोपते, प्रसाद वाटून होतो आणि मंडपात खुर्च्या ओढून बसलेल्या मंडळींत घरच्या गोष्टी निघतात. गेली काही वर्षे त्यांत एक विषय हटकून येतो. कुणाचा नातू हैदराबादेत शिकतो आणि संध्याकाळी दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचवतो. कुणाची मुलगी नागपुरात शिकता शिकता शिकवण्या घेते. आजोबा म्हणतात, "आपल्या घरात काय कमी होतं म्हणून पोरानं दारोदार फिरावं?" काकू म्हणतात, "फिरू द्या हो, पैशाची किंमत तरी कळेल." आई मात्र गप्प असते. तिला परीक्षेची काळजी असते.

हा प्रश्न नव्या पिढीने आणलेला आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मराठी समाज याच प्रश्नाशी दीडशे वर्षे झगडतो आहे. त्या झगड्यातून आपल्या वडीलधाऱ्यांनी काय उत्तर काढले, ते या निमित्ताने आठवून पाहू.

पूर्वी गरीब विद्यार्थ्याला दोन आधार असत. एक माधुकरी आणि दुसरा वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे जेवण लावून पुण्यात कित्येकांनी शिक्षण पुरे केले. पण हा आधार प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरता होता. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, दलिताच्या मुलाला वार लावून कोण जेवू घालणार? महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर कष्ट करणाऱ्यांसाठी. कष्टकऱ्याला दिवसा शाळेत येता येत नसेल तर शाळेने रात्री भरावे, ही साधी वाटणारी गोष्ट त्या काळी फार मोठी होती.

ज्यांना घरून पैसा येत नव्हता त्यांनी मिळेल ते काम केले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी विद्यार्थिदशेत कचेरीत उमेदवारी केली, कंपाउंडरचे काम केले. पुढे आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, अकोल्याला राहून ते शिकले आणि 'वऱ्हाड समाचार'मध्ये लिहूनही त्यांनी चार पैसे मिळवले. धोंडो केशव कर्वे मुंबईत महाविद्यालयात असताना शिकवण्या करून खर्च भागवत. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. ही उदाहरणे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मात्र एक गोष्ट सांगायची राहून जाते. अशा ओढाताणीत जे मागे पडले, ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटले, त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. वाट चालून पार गेलेल्यांवरूनच आपण वाटेची परीक्षा करतो.

हे ज्यांनी नीट ओळखले ते कर्मवीर भाऊराव पाटील. स्वतः ते साताऱ्यात शिकवण्या घेत, म्हणून लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांची हुशार मुले शाळेवाचून कशी वाया जातात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण सर्वच जाणतो.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना महाविद्यालयापर्यंत पोहोचली. विद्यार्थी शेतात राबत, माती खणत, बांधकामाला हात लावत आणि त्या श्रमांच्या बदल्यात शिकत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असे संस्था म्हणे, त्याचा अर्थ हा.

इथे एक बारकावा आहे. साताऱ्याचा विद्यार्थी राबत होता तो शाळेच्याच आवारात, गुरुजींच्या नजरेखाली. आज तास आहेत, उद्या परीक्षा आहे, हा मुलगा आजारी आहे, हे काम देणाऱ्याला ठाऊक होते. काम शिक्षणाच्या ताब्यात होते. कमाई आणि अभ्यास यांचे घड्याळ एकच होते आणि ते गुरूच्या भिंतीवर टांगलेले होते. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी हीच योजना विद्यापीठात आणली. पुणे विद्यापीठातही कर्मवीरांच्या नावाने ही योजना चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तासांवर मोबदला मिळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव आणखी वेगळे सांगतो. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शाहू महाराजांचेही त्यांना साहाय्य झाले. म्हणजे त्यांनी आधी कमावले आणि मग सारा वेळ अभ्यासाला दिला. पण सर्वांना तसे जमत नाही, हे ते जाणून होते. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे. नोकरी हलत नसेल तर महाविद्यालयाने आपली वेळ हलवावी, हा विचार जोतीरावांच्या रात्रशाळेशी थेट जाऊन मिळतो.

कष्टाची लाज वाटणाऱ्यांसाठी एक नाव आवर्जून सांगावेसे वाटते. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमातून १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. वय पन्नाशीच्या जवळ, इंग्रजी जेमतेम. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले आणि भाषा शिकल्या. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्यांच्यापुढे आजच्या आपल्या लेकीसुनांपेक्षा कितीतरी मोठा होता.

आता आपल्या अंगणात येऊ. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण तिथले माध्यम उर्दू होते. जवळ म्हणावे असे नांदेडचे पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० मध्ये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून पलीकडे गेले आणि नांदेडमधील मुधोळ, भैंसा हा भाग इकडे आला. पैनगंगेच्या दोन काठांवर एकच नातेगोते, पण राज्ये दोन. शिकायचे तर घर सोडायचे, हे आपल्या मुलांच्या नशिबी तेव्हापासून आहे. घर सोडले की खोलीचे भाडे आले, खानावळ आली. म्हणून कमाईचा प्रश्न इथे हौसेचा कधीच नव्हता.

आपल्याच डोंगरांत एक प्रयोग झाला, तोही विसरू नये. कुमरम भीम यांच्या १९४० च्या बलिदानानंतर गोंडांच्या दुःखाकडे सरकारला पाहावे लागले. हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. तिथे शिकलेले तरुण आसपासच्या गावांत शिक्षक झाले. त्यांचे काम त्यांच्या शिक्षणातूनच उगवले आणि काम करता करता ते शिक्षण पक्के होत गेले.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. विद्यार्थ्याने काम करावे की नाही, हा आपला प्रश्न अर्धाच आहे. कामाची वेळ कोण ठरवतो, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. जिथे ती शिक्षणाने ठरवली तिथे माणसे घडली. जिथे ती फक्त मालकाने ठरवली तिथे मुलगा पगारी झाला आणि विद्यार्थी राहिला नाही. साताऱ्याच्या मुलाला परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी खणायला लावले नसते. आज रात्री अकराला डबा पोहोचवणाऱ्या मुलाची परीक्षा सकाळी आहे, हे त्याला काम देणाऱ्याला माहीत नसते आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही.

म्हणून आजोबांना मी एवढेच म्हणेन, की दारोदार फिरण्यात कमीपणा नाही. आपल्यातल्या थोरांनी याहून हलकी मानली जाणारी कामे केली आहेत. काकूंना म्हणेन, की पैशाची किंमत कळणे चांगलेच, पण हातात आलेल्या पहिल्या हजार रुपयांची चव कधी कधी पदवीपेक्षा गोड लागते आणि मुलगा तिथेच अडकतो. गप्प बसलेल्या आईची काळजी मात्र सर्वांत खरी आहे.

ही काळजी वाहणे एकट्या आईचे काम नाही. आपल्या मंडळींपैकी कुणाची दुकाने आहेत, कुणाची कार्यालये आहेत, कुणाचा कापसाचा व्यवहार आहे. हंगामात हिशेबाला, नोंदींना माणसे लागतातच. सुट्टीत आणि सवडीच्या तासांत ती कामे आपल्याच विद्यार्थ्यांना द्यावीत, रास्त मोबदला द्यावा आणि परीक्षेचे वेळापत्रक त्यांच्याकडून आधी मागून घ्यावे. वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी मराठी शाळेतल्या लहानग्यांना शिकवावे आणि त्याचे मानधन आपण मंडळाच्या वर्गणीतून काढावे. दहा दिवसांच्या रोषणाईतले थोडे दिवे कमी झाले तरी बाप्पा रागावणार नाही.

गणपती ही विद्येची देवता. आपल्याकडे तो पाटावर बसतो आणि त्याच्यापुढे मुलांची वह्या-पुस्तके ठेवण्याची रीत आहे. त्या वह्यांच्या शेजारी आता एखाद्या मुलाच्या पहिल्या कमाईचे पाकीटही येऊ लागले आहे. पाकीट आनंदाने ठेवू द्यावे. वही तिथून उचलली जाणार नाही, एवढे मात्र आपण सर्वांनी मिळून पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!