दाभण, खळ आणि वेताळ

माझ्या लहानपणी वेताळाचं, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधल्या ‘फँटम’चं, पुठ्ठा-बांधणीचं पुस्तक साताऱ्यात कुठल्याच दुकानात विकत मिळत नव्हतं. तरीही ते घराघरांत होतं. जुनी पंचांगं, पोथ्या आणि ‘किर्लोस्कर’चे अंक ज्या फडताळात असत, तिथंच खाली कापडी कण्याचा एक जाड ठोकळा असे. कण्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर शाईनं लिहिलेलं ‘इंद्रजाल – भाग २’, आणि आत पहिल्या पानावर घरातल्या सगळ्या भावंडांची नावं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत.

असे खंड मी जमवते. सुटे अंक जमवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं ज्ञान दांडगं असतं. पण त्यांच्या बाजारात बांधलेल्या अंकाला किंमत नाही. कडा कापलेल्या, पिना काढलेल्या, मुखपृष्ठाला भोकं पडलेली, म्हणजे माल खराब. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी आपल्या नायकांचे संग्रह स्वतः घडवले, त्यांचा इतिहास त्या भोकांत आणि त्या कापलेल्या कडांत आहे.

अमेरिकेत हे काम प्रकाशकांनी केलं. ज्यूल्स फायफरनं १९६५ मध्ये जुन्या नायकांच्या कथा निवडून ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ हे जाडजूड पुस्तक काढलं. १९७१ मध्ये सुपरमॅन आणि बॅटमॅन या दोघांच्या १९३०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंतच्या कथांचे मोठे खंड आले. पुढे १९८७ मध्ये मार्व्हलनं ‘मास्टरवर्क्स’ आणि १९८९ मध्ये डीसीनं ‘आर्काइव्ह एडिशन्स’ सुरू केल्या. तिकडचा संग्राहक आज हे खंड शोधत फिरतो. आपल्याकडे खंड करायचं काम बाइंडरकडे आलं, आणि त्याला निमित्त झालं इंद्रजाल कॉमिक्सचं.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजालचा पहिला इंग्रजी अंक काढला. सुरुवातीच्या कामात अनंत पै होते. तेच पुढे १९६७ मध्ये अमर चित्र कथेकडे वळले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत इंद्रजाल निघू लागलं. पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आली. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीनची पँट घातलेला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. आधी मासिक, मग पाक्षिक, १९८१ पासून साप्ताहिक, आणि १९९० मध्ये सगळं बंद. इंग्रजी मालिकेचे क्रमांक ८०५ पर्यंत जातात, पण १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे छापलेच गेले नाहीत.

ली फॉकनं वेताळाला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आणलं, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांवर पट्टी या गोष्टी पुढे पुष्कळ नायकांनी घेतल्या. पण वेताळाला उडता येत नाही, गोळी लागली तर तो मरतो. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जंगलातली माणसं समजतात हा अमर आहे. पिढ्यान् पिढ्या एकच काम करणारं घराणं आणि मागच्या पिढ्यांच्या हकिकती लिहून ठेवलेल्या वह्यांनी भरलेली गुहा. राजधानीच्या गावात वाढलेल्या आम्हा पोरांना यात परकं काही वाटलं नाही. दप्तर, बखर, गादी हे सगळं आमच्या ओळखीचं होतं. मला तर वेताळाच्या कवटीच्या सिंहासनापेक्षा त्या वह्यांचं कपाट जास्त आवडायचं.

आता बांधणीची सवय कुठून आली ते सांगते, कारण ती इंद्रजालच्या फार आधीची आहे.

सांगली जिल्हा १९४९ मध्ये झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, १९६० मध्ये सांगली झालं. त्याआधी या टापूत संस्थानांचे तुकडे विखुरलेले. त्यातल्या औंध संस्थानात चित्रांची कथा पुस्तकात बांधण्याचा मोठा उद्योग झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सगळे त्यांना बाळासाहेब म्हणत, स्वतः चित्रकार. रामायणातले प्रसंग एकामागून एक रंगवून त्यांनी १९१६ मध्ये मुंबईत छापून ‘चित्र रामायण’ काढलं. यमाईच्या डोंगरावरच्या औंधच्या संग्रहालयात शाळेच्या मुलांना सहलीला नेलं की मी त्यांना मूर्तींपेक्षा जास्त वेळ चित्रांपुढे उभी करत असे. पराक्रमी पुरुष, राक्षस, वनवास, सुटका, आणि प्रत्येक प्रसंगाला एक चौकट. या टापूच्या हाताला चित्रकथेचा जाड ग्रंथ इंद्रजालच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी लागला होता, हे मी दरवेळी सांगते.

त्याच औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. नांगर आणि पंपांच्या शेजारी छापखाना आला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार, व्यंगचित्रं काढणारे. या तीन मासिकांनी आमच्याकडच्या मध्यमवर्गाला एक शिस्त लावली. वर्षाचे बारा अंक रद्दीत न घालता जपायचे, डिसेंबर झाला की बाइंडरकडे द्यायचे. माझ्या वडिलांचे ‘किर्लोस्कर’चे खंड असेच झालेले. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला तेव्हा त्यालाही तोच नियम लागला. त्यामुळे इंद्रजाल घरात आलं तेव्हा त्याचं काय करायचं हे घराला आधीच ठाऊक होतं. वडील माणसं कॉमिक्सला नाकं मुरडत, पण सुटी पानं घरभर उडालेली त्यांना त्याहून खपत नसत. बांधलेलं म्हटलं की त्याला ग्रंथाचा मान मिळे, त्यावर पाय पडला की नमस्कार करावा लागे.

मे महिन्यात शाळेची जुनी पुस्तकं पुढच्या भावंडासाठी बांधायला जात. त्याच गठ्ठ्यात आम्ही इंद्रजालचे दहा-बारा अंक सरकवत असू. साताऱ्यात शनिवार पेठेतले आमचे बाइंडर सरकारी दप्तरं आणि कोर्टाच्या नोंदवह्या बांधत. ते आधी प्रत्येक अंकाच्या पिना उपसत, कारण पीन गंजली की कागद खाते. मग दोन तऱ्हा. पैसे जास्त असतील तर जुजबंदी, म्हणजे प्रत्येक अंकाच्या घडीतून दोरा नेऊन सगळे अंक एकमेकांना शिवायचे. असा खंड टेबलावर सपाट उघडतो. पैसे कमी असतील तर सगळा गठ्ठा कडेनं दाभणानं भोकं पाडून आरपार टाचायचा. हे स्वस्त, पण आतला समास दोऱ्यात जातो आणि त्याबरोबर कडेच्या फुग्यांतली वाक्यं अर्धी गिळली जातात. आमच्याकडच्या बहुतेक खंडांत हीच तऱ्हा आहे. अर्धं वाक्य कुणा ताईनं पेन्सिलीनं समासात पुरं केलेलं आहे, असे खंड माझ्याकडे आहेत, आणि माझ्या दृष्टीनं त्यांचं मोल सगळ्यात जास्त.

खळ मैद्याची, त्यात मोरचूद. मोरचूद घालायला कुणी आळस केला तर दोन पावसाळ्यांत कसर लागे. पुठ्ठा बसला, कापड चढलं, अस्तराचा कागद चिकटला की खंड दाबात ठेवायचा. शेवटी तीन बाजूंच्या कडा कापायच्या. इथं नुकसान व्हायचंच. अंकांचे आकार थोडे कमीजास्त असत, सगळ्यात लहान अंकाला धरून सुरी चाले आणि मोठ्या अंकांची चित्रं वरून छाटली जात. वेताळाच्या घोड्याचे कान गेलेली पानं मी पुष्कळ पाहिली आहेत.

लग्नानंतर मी सांगलीला शाळेत चित्रकला शिकवू लागले आणि तिथं एक फरक ध्यानात आला. साताऱ्याकडचे खंड काळ्या किंवा गर्द निळ्या कापडात असतात, सांगलीकडचे बरेचसे लाल. सांगली ही हळदीची पेठ. अडत दुकानांना दरवर्षी रोजकीर्द आणि खतावणीच्या वह्या लागत, त्या लाल कापडात बांधल्या जात. वह्या बांधणाऱ्याकडेच मुलांचे इंद्रजाल गेले आणि उरलेलं कापड त्यांना लागलं. जुन्या बाइंडरांशी बोलून मी हे पडताळून घेतलं आहे. मला आता कणा पाहून खंड कुठल्या बाजूचा ते बहुतेक वेळा ओळखता येतं. सुटा अंक हे सांगू शकत नाही.

आत काय बांधलं आहे तेही पाहण्यासारखं असतं. प्रकाशकाचा खंड क्रमानं चालतो. हे खंड मिळेल तसे चालतात. मिरज जंक्शनच्या फलाटावर मिळालेला अंक, रद्दीतून आणलेला, मामानं दिलेला. मध्येच एक ‘चांदोबा’, शेवटी अमर चित्र कथा. यातून एका घरानं कोणत्या वर्षी काय वाचलं त्याची यादीच हातात येते. आणि चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला तर ही पर्वणी आहे. सुरुवातीच्या अंकांत विल्सन मॅकॉयची चित्रं आहेत, जाड रेषेची, सपाट, जवळजवळ लाकडी बाहुल्यांची. १९६१ पासून साय बॅरीनं वेताळ काढायला घेतला, त्याच्याकडे छायाप्रकाश आहे, स्नायू आहेत, जंगलाला खोली आहे. अंक मागेपुढे बांधले गेल्यानं दोघं शेजारी येतात. आठवीच्या मुलांना रेषेतला फरक शिकवायला मला याहून चांगलं पाठ्यपुस्तक मिळालं नाही. पुण्याचे प्रताप मुळीक अमर चित्र कथेत कसे काढतात आणि पुढे हिंदी कॉमिक्समधल्या ‘नागराज’ या नायकासाठी कसे काढतात, हेही असंच दोन खंड समोर ठेवून दाखवता येतं.

मग हे खंड जातात कुठे? घर विकलं, वाडा पाडला, की रद्दीवाल्याकडे. तिथून जाणकार ते उचलतो, आणि अलीकडे त्यांचं उसवणं सुरू झालं आहे. दोरा कापायचा, पुठ्ठा फेकायचा, अंक वेगळे करून एकेक विकायचा. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याच्या दुकानात मी असे सोललेले लाल पुठ्ठे ढिगानं पाहिले. आतल्या नावांच्या पानासकट टाकलेले. सुट्या अंकाला दर मिळतो हे मला समजतं, पोट प्रत्येकाला आहे. पण एक अंक हजारोंनी छापलेला असतो आणि तसा खंड जगात एकच असतो. उसवला की तो संपला, परत शिवून तो होत नाही.

उरलेलं काम पाणी करतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. १८६९ पासून चालत आलेल्या सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, हजारो ग्रंथ गेले. गावभागातल्या एका घरातून मला तेव्हा भिजलेले खंड मिळाले. आतला कागद वर्तमानपत्री, तो सावलीत दोरीवर टांगून आणि मध्ये टीपकागद घालून सुटा झाला. मुखपृष्ठांचा गुळगुळीत कागद मात्र एकमेकांना चिकटून बसला, तो निघाला नाही. शिवलेली पानं क्रमानं राहिली. त्याच घरातल्या सुट्या अंकांचा लगदा झाला होता.

भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. महाबळेश्वरला जाणारी माणसं तिथं थांबतात, घराघरांत बसून वाचतात. तिथल्या एखाद्या घरात सातारा-सांगलीच्या बाइंडरांनी बांधलेल्या चित्रकथांचं कपाट असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि मी त्यासाठी याद्या करते आहे. प्रत्येक खंडापुढे कापडाचा रंग, टाचणी की जुजबंदी, आतला क्रम, समासातली अक्षरं. मुलांची नावं मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय यादीत घालत नाही.

सध्या एका लाल खंडाचा कणा सुटला आहे. मिरजेतला एक तरुण बाइंडर तो दुरुस्त करतोय. “बाई, कडा एकसारख्या करून देऊ का?” त्यानं विचारलं. नको म्हटलं. जुन्याच भोकांतून नवा दोरा न्यायचा, कागदाला सुरी लावायची नाही, आणि खळीत मोरचूद घालायचं. मोरचूद कुठं मिळतं ते त्याला माहीत नव्हतं. शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळेल, मी सांगितलं, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणासाठी नेतात तेच.