कार्मेलचा डोंगर आणि वहिवाटीचा हक्क

इस्राएलमधील हैफा शहराला लागून, भूमध्य समुद्राच्या काठी कार्मेलचा डोंगर उभा आहे. एलीया संदेष्ट्याचे स्थान म्हणून ज्यू आणि ख्रिस्ती हे दोन्ही समाज त्यास पवित्र मानतात. दीर्घ अवर्षणाच्या काळी एलीयाने येथे बआल देवतेच्या पुजाऱ्यांना आव्हान दिले, त्याच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरला आणि मग समुद्रावरून तळहाताएवढा ढग वर येऊन पाऊस कोसळला, अशी बायबलच्या जुन्या करारातील कथा आहे. अवर्षण सोसलेल्या बीदर-कलबुर्गीच्या वाचकांना त्या ढगाचे मोल सांगावयास नको.

डोंगराच्या पायथ्याशी एलीयाची गुहा आहे. तेथे ज्यू भाविक नवस बोलतात. ख्रिस्ती आणि मुसलमानही पूर्वापार येत आले. माथ्यावर कार्मेलाइट संन्याशांचा मठ असून त्याच्या चर्चमध्ये वेदीखाली दुसरी गुहा आहे. तीही एलीयाचीच मानली जाते. पुरुष एक, गुहा दोन. यात्रेकरू दोन्हीकडे माथा टेकून परततो.

आपल्या प्रांताचाही या डोंगराशी संबंध आला आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडेस्वारांनी तुर्की फौजेकडून हैफा जिंकले. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी तोफांचा बंदोबस्त करण्यास कार्मेलवर चढली होती. त्याच ब्रिगेडमध्ये हैदराबाद संस्थानचे घोडदळही होते, आणि बीदर तेव्हा त्याच संस्थानात होते. दिल्लीचे 'तीन मूर्ती' स्मारक या तीन संस्थानांच्या स्वारांचे आहे.

मराठीचे नाते त्याहून जुने आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा, तेलाचे घाणे चालवणारा; शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखला गेलेला. त्याच्या श्रद्धेनुसार एलीया, म्हणजे त्यांचा एलियाहू हनाबी, अलिबागजवळ खंडाळे येथे प्रकटला. तेथील खडकावरच्या खुणा त्याच्या घोड्याच्या टापा व रथाची चाके यांच्या मानल्या जातात. पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करून नवस फेडतात. शबाट महिन्याच्या पौर्णिमेच्या सणाला हा समाज 'एलियाहू हनाबीचा उरूस' म्हणत आला. देव हिब्रू, शब्द अरबी, बोली मराठी!

१९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे काही धर्मगुरूंनी विवाहाच्या प्रसंगी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली. समाजाने आंदोलन केले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. शतकानुशतके जपलेल्या श्रद्धेला पुरावा मागितला गेला, हे दुःख लहान नव्हे.

महसुली कामात आयुष्य गेलेल्यास मालकी आणि वहिवाट यांतील भेद ठाऊक असतो. मालकी कागदावर असते. वहिवाट पायांनी पडते. आपल्या अष्टूरला हेच दिसते. १४३६ मध्ये निवर्तलेल्या अहमदशहा वली बहमनीचा उरूस तेथे हिंदू तिथीने भरतो. त्यास अल्लमप्रभू मानणाऱ्या लिंगायतांचे जंगम कलबुर्गी जिल्ह्यातून वाजतगाजत येतात. तेथे कोणी कोणाचा दाखला तपासत नाही.

सीमेवरच्या आपल्या जुन्या मराठी घरांनाही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. खंडाळ्याचा खडक आणि कार्मेलची गुहा यांतून त्याचे उत्तर मिळते. माणूस श्रद्धा बरोबर नेतो, नव्या भूमीत तिला जागा देतो, आणि पिढ्यांनी पाडलेली ती पायवाट हाच त्याचा तेथील हक्क होय.