१९७८ नंतरची उलटी

कुत्रा ओकला म्हणून घरात सहसा धावपळ होत नाही, आणि बहुतेक वेळा तिची गरजही नसते. घाईघाईत गिळलेलं अन्न, उकिरड्यावरचं काहीबाही, रिकाम्या पोटी पडलेलं पिवळं पित्त. एकदा ओकून तो शेपटी हलवत पुन्हा भांड्यापाशी येतो. पिल्लू असलं तर जंत झाले असतील म्हणायचं.

१९७८ साली हा अंदाज जिवावर बेतू लागला. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात धडधाकट पिल्लं एकाएकी खाणं सोडत, ओकत, पाठोपाठ रक्ताचे, विलक्षण घाण वासाचे जुलाब होत आणि दोन-तीन दिवसांत मरत. दोन वर्षांत हा आजार जगभर पोचला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी जवळचं नातं असलेला हा नवा पार्व्होव्हायरस होता. आईच्याच अंगात प्रतिकारशक्ती नव्हती, मग पिल्लांना ती दुधातून कुठून मिळणार? त्या पहिल्या लाटेत कित्येक पिल्लं पोट बिघडण्याआधीच हृदयाचा स्नायू सुजून दगावली.

हाताशी दुसरं काही नसल्यामुळे डॉक्टरांनी सुरुवातीला मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचली. पुढे कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कार्मायकेल आणि मॅक्स अ‍ॅपल यांनी खास कुत्र्यांसाठी लस तयार केली.

हा विषाणू झपाट्याने वाढणाऱ्या पेशी गाठतो. आतड्याचं अस्तर सोलवटतं, पोटात पाणी ठरत नाही, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. उपचार न मिळालेल्या दहांपैकी नऊ पिल्लं जातात. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक वेळेवर मिळाली, तर बहुतेक वाचतात.

म्हणून लस पूर्ण न झालेलं पिल्लू ओकून मलूल पडलं, तर सकाळची वाट पाहू नये. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीतही वारंवार उलट्या, त्यात रक्त, प्यायलेलं पाणीही बाहेर पडणं किंवा पोट फुगून नुसते उमासे येणं, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठावा. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू खाली बसली, किंवा हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, तर अंगातलं पाणी बरंच कमी झालेलं असतं.

लस एकदाच टोचून भागत नाही. आज बहुतेक आयांच्या अंगात प्रतिकारशक्ती असते. ती पिल्लाला काही आठवडे सांभाळते, पण लसीलाही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं असतं, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांपासून निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत, दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते.