मुलाचा हट्ट आणि घरची कमाई

मूल हट्टी निघाले, द्वाड निघाले, की त्याचा दोष कोणाच्या तरी पदरी घालून मोकळे व्हायचे, ही रीत सर्व देशांत जुनीच आहे. कोणी रक्ताला दोष देतो, कोणी नशिबाला, आणि बहुतेक सारे आईला. गेल्या साठ वर्षांत अमेरिकेत या प्रश्नाचा जो अभ्यास झाला, त्याचा इतिहास आम्ही कामगार चळवळीत वावरणाऱ्यांच्या नजरेने वाचला. तोच येथे मांडीत आहो.

पॅसिफिक महासागराच्या काठी ओरेगॉन नावाचे राज्य आहे. तेथील यूजीन गावी जेराल्ड पॅटरसन हे मानसशास्त्रज्ञ काम करीत. 1960 नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी, पण त्या काळी नवी गोष्ट केली. मुलाला दवाखान्यात बोलावून त्याच्या मनाचा ठाव घेण्याऐवजी हे लोक स्वतःच त्याच्या घरी जाऊन बसू लागले. नियम ठरलेले होते. घरातली सारी माणसे हजर हवीत, दोन खोल्यांबाहेर कोणी जायचे नाही, पाहुणा नको, टेलिव्हिजन बंद. निरीक्षक एका बाजूस बसे आणि कोणी काय केले, त्यावर दुसऱ्याने काय केले, हे दर सहा सेकंदांनी खुणांत टिपून घेई. हातात घड्याळ घेऊन मजुराच्या हालचाली मोजणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. येथेही मोजणीच होती. मात्र ती कोणाचा घाम अधिक काढण्यासाठी नव्हती.

या टिपणांतून जे दिसले ते असे. आई म्हणते, पसारा आवर. मूल कुरकुरते. आई पुन्हा सांगते, मूल ओरडते, पाय आपटते. आई थकते आणि म्हणते, राहू दे. त्याबरोबर मूल गप्प होते. वरवर पाहता तंटा मिटला. वस्तुतः दोघांनाही बक्षीस मिळाले : मुलाची कामातून सुटका झाली, आईच्या कानांना विश्रांती मिळाली. उद्या मूल लवकर ओरडणार आणि आई लवकर माघार घेणार. एखाद्या दिवशी आईच अधिक जोराने ओरडते, मूल दबते. मग ओरडण्याचा धडा आईही शिकते. असे दिवसातून कित्येकदा घडते. पॅटरसन यांनी याला जबरदस्तीची देवघेव मानले आणि 1982 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मूल जात्याच दुष्ट नाही, आई नालायक नाही. गाठ दोघांच्या मधे बसलेली आहे, हा त्यातला आम्हांस पटलेला विचार.

गाठ मधे असेल तर ती घरातच सोडवता येईल, हे ओघानेच आले. 1968 सालीच पॅटरसन यांनी एका सहकारी बाईंसह आईबापांसाठी सोप्या भाषेत छोटे पुस्तक काढले होते. मूल नीट वागते तेव्हा तिकडे लक्ष द्या, सांगायचे ते एकदाच व स्पष्ट सांगा, शिक्षा करायची तर मार नको, थोडा वेळ बाजूला बसवा, अशा धर्तीचे हे शिक्षण होते. ऐकायला सोपे, दिवसभर उभ्याने काम करून आल्यावर किती कठीण, ते ज्याचे त्याला ठाऊक!

पॅटरसन यांच्याच परंपरेतले टॉमस डिशियन यांनी डॅनियल शॉ व इतरांबरोबर हे काम अगदी लहान मुलांपर्यंत नेले. गरीब गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुले यांना सकस अन्न पुरविणारी एक सरकारी योजना अमेरिकेत आहे. तिच्या केंद्रांवर येणारी, दोन वर्षांचे मूल असलेली 731 कुटुंबे त्यांनी 2002 व 2003 साली पिट्सबर्ग, यूजीन आणि शार्लट्सव्हिल या तीन ठिकाणी निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीची मदत तेवढी चालू राहिली. दुसऱ्या गटाच्या घरी दरवर्षी जाऊन चौकशी करायची, आई व मूल यांचे चित्रण करायचे, आणि मग आईशी बसून बोलायचे : तुमचे बरे काय चालले आहे, अडते कोठे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, चार वर्षांच्या वयापर्यंत या दुसऱ्या गटातल्या मुलांचा त्रास कमी झालेला आढळला. फरक फार मोठा नव्हता, पण होता. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट निघाली. या भेटींनी आयांची खिन्नताही कमी झाली होती, आणि मुलांच्या सुधारणेचा काही वाटा तिच्यातून आला होता. म्हणजे आईला शिकविणे जितके कामी आले, तितकेच तिची कोणी विचारपूस करणेही आले असावे, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

येथे कोणीही संघटनेचा माणूस विचारील : मग पगाराचे काय?

त्याचे उत्तर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातून अनपेक्षितपणे आले. तेथे 1993 पासून जेन कॉस्टेलो व त्यांचे सहकारी 1420 मुलांची दरवर्षी पाहणी करीत होते. मुले थोडी मोठी, नऊ ते तेरा वर्षांची. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा मूळच्या रहिवासी अमेरिकन इंडियन लोकांचा. पाहणी चालू असतानाच तेथील चेरोकी जमातीने जुगारगृह काढले आणि 1996 पासून त्याच्या नफ्याचा वाटा जमातीच्या प्रत्येकाला मिळू लागला. जुगाराचे आम्ही समर्थन करीत नाही. पण हा पैसा कोणाच्या लायकीकडे पाहून दिलेला नव्हता, सर्वांना सारखा होता. अभ्यासकांना अशी संधी सहसा मिळत नाही. 2003 साली निष्कर्ष बाहेर आले. जी कुटुंबे या पैशाने दारिद्र्यातून वर आली, त्यांच्या मुलांची आडदांड वागणूक कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरली. कारण शोधता दिसले ते हे, की आईबापांना मुलांवर नीट लक्ष ठेवता येऊ लागले होते. त्यांना कोणी वर्गात बसवून शिकविलेले नव्हते. आणि जी कुटुंबे हा वाटा मिळूनही गरीबच राहिली, त्यांच्या मुलांचे वागणे पूर्वीसारखेच राहिले.